चुकीच्या आवृत्तीचा राउटर

वहिनींच्या हातात कुठलीही वस्तू द्या, त्या ती आधी उलटी करून बघतात. पँट आली तर आतून, कोट आला तर अस्तराच्या बाजूने. शिवण कुठे उसवली आहे, आत दाबलेलं कापड किती आहे, आपल्याआधी कोणी दुरुस्ती करून गेलं आहे का, हे सगळं उलट्या बाजूला कळतं. सुलटी बाजू लोकांना दाखवायला असते, असं त्यांचं म्हणणं. दुकानापुरती ही सवय ठीक आहे. पण त्या कपबशीही उलटी करतात, नवी चप्पलही उलटी करतात. दादाच्या, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात मी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं, तेही त्यांनी सगळ्यांच्या देखत पालथं करून पाहिलं. दादा माझ्या कानात म्हणाला, "मला अजून पालथं घातलेलं नाही, तेवढंच नशीब."

त्यांचं दुकान कपडे दुरुस्तीचं. नवं काही शिवत नाहीत. लांब असेल ते आखूड, घट्ट असेल ते सैल, चेन तुटली तर नवी, कोपर फाटलं तर ठिगळ. दुकानाचं तोंड रस्त्याकडे, मागे दोन खोल्यांचं घर आणि मध्ये एक पडदा. दादा गेल्यावर त्यांनी तो पडदा काढून टाकला. घरात कोणी नाही तर आडोसा कोणासाठी, म्हणाल्या. तेव्हापासून गिऱ्हाइकाला दुकानातून थेट त्यांचा पलंग दिसतो, त्यावरची एकच उशी दिसते. मी एकदोनदा पडद्याचा विषय काढून पाहिला, मग सोडून दिला.

मी औषधांच्या एका घाऊक कंपनीत खरेदी खात्यात आहे. निवृत्ती जवळ आली आहे. लग्न केलं नाही. दर रविवारी वहिनींकडे जायचं, जेवायचं, काही बिघडलं असेल तर बघायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. आम्ही फार बोलतो असं नाही. त्या मशीनवर असतात, मी पेपर वाचतो. एकाला खोकला आला की दुसरा पाणी आणून देतो.

त्यांना एकच मुलगा. लहानपणी तो कापून पडलेल्या चिंध्यांच्या ढिगात शिरून झोपायचा, म्हणून त्याचं नाव बोका पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. मोठा झाल्यावर तो संगणकाच्या मागे लागला आणि विमानाने जावं लागेल इतक्या लांब नोकरीला गेला. दादाच्या मागे तो आईला आपल्याकडे घेऊन गेला, कायमची म्हणूनच. तिच्यासाठी वेगळी खोली ठेवली, नवी गादी घेतली, नवं शिलाई मशीनसुद्धा घेतलं. पण तिथे कोणाचं काही दुरुस्तीला निघत नव्हतं. फाटलं की टाकून देत. वहिनी खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या पँटी किती लांब झाल्या आहेत ते बघत राहायच्या. शेवटी त्या म्हणाल्या की मला परत जायचंय. बोक्याला ते लागलं. तो म्हणाला, "मग बस तुझ्या चिंध्यांत." वहिनी म्हणाल्या, "बसते." भांडण म्हणायचं तर एवढंच. आवाज दोघांपैकी कोणाचाच चढला नव्हता, असं वहिनींनीच मला सांगितलं; चढला असता तर बरं झालं असतं, असंही पुढे म्हणाल्या.

तरी तो आईला पोचवायला आला. त्या मुक्कामात फारसं न बोलता त्याने घरातली एकेक दुरुस्ती उरकली. नळाचा वॉशर बदलला, मशीनचा पट्टा बदलला आणि शेवटी इंटरनेटचा राउटर हातात घेतला.

राउटरच्या आत त्याला चालवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो कंपनीने घातलेला असतो. कंपनी थोडे दिवस त्याच्याकडे लक्ष देते, नवं मॉडेल आलं की जुन्याकडे पाठ फिरवते. बोक्याने कंपनीचा प्रोग्राम पुसला आणि त्या जागी खुलं फर्मवेअर घातलं. खुलं म्हणजे ठिकठिकाणची माणसं फावल्या वेळात मिळून लिहितात; कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं. बोका त्यांच्यातला एक होता. आईला समजावताना तो म्हणाला, "हे आपल्या दुकानासारखंच आहे गं. कंपनीने टाकून दिलं तरी आम्ही दुरुस्त करत राहतो." मग त्याने तिच्या फोनवर एक पान उघडून दाखवलं. कोणी, कुठल्या तारखेला, काय दुरुस्त केलं, याच्या नोंदी तिथे येत. त्याने तिथे स्वतःचं खरं नाव दिलेलंच नव्हतं. इंग्रजी अक्षरांत होतं, पण बोकाच होतं.

तो गेला. फोन आधी दर आठवड्याला येत, मग महिन्याला, मग वाढदिवसाला एक निरोप, मग तोही नाही.

एका रविवारी मी म्हणालो की मीच त्याला फोन करून चांगला झाडतो. वहिनी मान न उचलता म्हणाल्या की काही नको, तो बरा आहे, परवाच त्याने दिव्याचं काम केलंय. मला वाटलं, एकटं राहून राहून बाई भलतंच बोलायला लागल्या. मग त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. नोंद होती: अमुक एका राउटरचा हिरवा दिवा बंद केल्यावरही जळत राहत होता, तो दोष काढला. पुढे नाव, बोका.

त्या रोज ते पान बघत होत्या. इंग्रजी त्यांना अडखळत वाचता येतं, पण मजकुराशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना तारीख हवी असे. रविवारची नोंद असली की म्हणत, सुट्टीच्या दिवशीही घरातच बसलाय. नोंदी लागोपाठ आल्या की म्हणत, झोपत नाही नीट. आणि बरेच दिवस काहीच आलं नाही की त्या दिवसांतल्या शिवणी वाकड्या जात, त्या उसवून परत घालाव्या लागत. एकदा त्याने लिहिलं होतं की मागची दुरुस्ती माझ्याकडून चुकली होती, क्षमस्व. त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला होता. "बघा भावजी," म्हणाल्या, "माफी मागता येते त्याला."

मी पेपर वर केला आणि वाचत असल्यासारखं केलं.

असं चाललेलं असताना त्या पानावर एक सूचना आली. बोक्याने बसवून दिलेल्या राउटरसारखे जुने, कमी मेमरीचे राउटर आता मागे पडले होते. पुढची आवृत्ती त्यांत मावणार नव्हती. यापुढे त्यांना काही मिळणार नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. वहिनी म्हणाल्या की नवा राउटर घ्यायचा, पण हे खुलं फर्मवेअर ज्यात चालतं तोच. मी म्हणालो की पान काय, कुठल्याही राउटरवरून दिसेल; नोंदी वाचायला एवढा उपद्व्याप कशाला?

"वाचता येईल हो," त्या म्हणाल्या. "पण तो शिवतोय, आणि आपल्या घरात ते कोणीच घालत नाही, असं कसं चालेल?"

मी सोमवारी कामाला लागलो.

खरेदी खात्यात आयुष्य गेल्यामुळे मला एकच पद्धत येते: तुलनेचा तक्ता करायचा. मी तसा केला. मॉडेलचं नाव, आतली चिप, साठा, मेमरी, खुल्या फर्मवेअरचा आधार आहे की नाही, बाजारात मिळतो की नाही. आमच्या ऑफिसात संगणक सांभाळणारा एक गृहस्थ आहे, त्याला आम्ही मिस्त्री म्हणतो. मिस्त्रीने सांगितलं की अँटेने मोजत बसू नका, ते बहुतेक शोभेचे. मेमरी भरपूर घ्या, म्हणजे हाही लवकर मागे पडणार नाही. आणि चिप कोणाची ते आधी बघा; काही चिपवाले आपली माहिती उघड करत नाहीत, त्यांच्या वाय-फायपुढे खुलं फर्मवेअर लिहिणारे हात टेकतात. मी अँटेन्यांचा रकाना आखून ठेवला होता, तो मुकाट्याने खोडला.

तक्त्यात पहिला आला त्या मॉडेलला आधार होता, मेमरी चांगली होती आणि तो आमच्या ऑफिसजवळच्या दुकानात मिळत होता. सगळ्यात शेवटी मी एक आधार नसलेलाही लिहून ठेवला होता, नुसता तुलनेसाठी. आमच्या खात्यात तसं करावंच लागतं, त्याशिवाय वरचे साहेब सही करत नाहीत.

पहिला घेतला. बिल ताडून पाहिलं: कंपनी बरोबर, मॉडेल बरोबर, रंग बरोबर, हमीपत्र आत. रविवारी डबा वहिनींच्या कापायच्या टेबलावर ठेवला. त्यांनी राउटर बाहेर काढला आणि अर्थातच पालथा केला.

त्यांनी विचारलं की खालच्या चिठ्ठीवर आवृत्ती पाच असं आहे, आणि फर्मवेअरच्या पानावर या मॉडेलपुढे तर आवृत्ती दोन लिहिली होती, हे कसं काय. मी म्हणालो की त्यात काही नाही. औषधाच्या बाटलीवर दर खेपेला बॅच नंबर बदलतो म्हणून औषध बदलत नाही. नाव तेच, माल तोच. इतकी वर्षं मी हेच करत आलोय, मला शिकवू नका.

फर्मवेअरची फाइल घालायला गेलो तर राउटरने ती घेतलीच नाही. ही फाइल या यंत्राची नव्हे, असं म्हणून परत करत राहिला. मी मिस्त्रीला फोन लावला. तो मनसोक्त हसला आणि मग म्हणाला की राउटरवाले नाव तेच ठेवतात आणि आतली चिप पार बदलतात. "तुमच्या भाषेत सांगू का? बाटली तीच, लेबल तेच आणि आत दुसरंच औषध." औषधांच्या धंद्यात असं करणाऱ्याला बेड्या पडतात, असं मी म्हणालो. तो म्हणाला की राउटरच्या धंद्यात बढती मिळते.

दुकानदार ओळखीचा होता. फोडलेला डबाही बदलून देतो, आवृत्ती दोनचा माल दुसऱ्या शाखेत पडून असेल, मागवतो, असं त्याने फोनवर कबूल केलं. मी राउटर परत डब्यात घातला आणि डबा पिशवीत. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा." त्या फोनवर त्या मॉडेलचं पान शेवटपर्यंत वाचत होत्या, एकेका शब्दावर बोट ठेवून. तळाशी बारीक अक्षरांत होतं की आवृत्ती पाचला आधार नाही, आतली चिप वेगळी आहे, कोणाकडे हे यंत्र असेल आणि उघडून बघायची तयारी असेल तर कळवावं. कोणाला कळवावं, त्याचंही नाव होतं.

वहिनींनी माझ्या पिशवीतून डबा काढून घेतला.

"हा परत जायचा नाही."

मी म्हणालो की वहिनी, हा चालत नाही.

"चालत नाही म्हणूनच," त्या म्हणाल्या.

लिहायचं मी, सांगायचं त्यांनी, असं ठरलं. मी सुरुवातीलाच म्हणालो की 'मी आई आहे' असं सरळ लिहू या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आई म्हटलं की उत्तर द्यावंच लागतं. मग ते न देता राहून जातं. गिऱ्हाईक म्हटलं की तो आपणहून देईल." म्हणून मग तिथे आमचं नाव 'शॉप' असं ठेवलं. आमच्याकडे हे यंत्र आहे, उघडायची तयारी आहे, फारसं कळत नाही पण सांगाल तसं करू, एवढा इंग्रजी मजकूर मी ऑफिसच्या पत्रासारखा लिहिला.

मी बसला निघायच्या आत उत्तर आलं. नमस्कार शॉप, आभार, आतल्या सर्किटच्या पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो हवेत, मापासाठी शेजारी काहीतरी ठेवा. मोजके शब्द, एक जास्त नाही. वहिनींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. नमस्कार शॉप, नमस्कार शॉप, असं पुटपुटत त्या भांडी घासायला गेल्या.

राउटर उघडायला स्क्रू कुठेच दिसत नव्हते. वहिनींनी रबराच्या पायांवरून बोट फिरवलं, एक पाय टोकाने उचलला, स्क्रू त्याखाली होता. मापासाठी मी फूटपट्टी पुढे केली. फूटपट्टी समोर असताना त्यांनी गळ्यातली टेप काढली. ती टेप इतकी वापरलेली आहे की तिचा पहिला इंच झिजून गेलाय. त्या एकपासून मोजतात आणि शेवटी एक वजा करतात. बोक्याने शाळेत असताना नव्या टेपा आणून दिल्या होत्या, त्या तशाच पडून आहेत. टेप सर्किटच्या पट्टीशेजारी नीट पसरून त्यांनी मला फोटो काढायला सांगितलं. मी दोन्ही बाजूंनी काढून पाठवले.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं, पण त्यांनी ते माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मी वाचून दाखवलं: फोटो अंधुक आहेत, चिपवरची अक्षरं लागत नाहीत, टेबल डावीकडच्या खिडकीपाशी ओढा आणि सकाळच्या उजेडात पुन्हा काढा.

वहिनी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"भावजी, फोटोत खिडकी आलीय का?"

मी फोटो उघडले. टेबलाचा तुकडा, हिरवी पट्टी, टेप. खिडकी नव्हती. भिंतसुद्धा नव्हती.

"नाही."

"धरा तिकडून," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघांनी मिळून ते जड टेबल डावीकडच्या खिडकीपाशी ओढलं.

त्याला कळलं आहे हे आम्हाला कळलं होतं, आणि ते त्यालाही कळलं असणार. पण पुढे कोणीच तसं बोललं नाही. तो आम्हाला शॉप म्हणत राहिला, आम्ही त्याला बोका म्हणत राहिलो. सगळं कामापुरतं. मिस्त्रीकडून एक छोटी जोडणी आणली, तिच्या तीन वायरी राउटरच्या आतल्या छिद्रांत टेकवून धरल्या की यंत्र सुरू होताना मनातल्या मनात जे बोलतं ते संगणकावर उमटतं. वायरी हलत होत्या. वहिनींनी त्या टाचण्यांनी अशा अडकवल्या की पुन्हा सुटल्या नाहीत. मग बोक्याने एक प्रोग्राम पाठवला आणि बजावलं की हा आत कायमचा घालायचा नाही, नुसता मेमरीत चढवून बघायचा, वीज काढली की पुसला जाईल.

"कच्चा टाका," वहिनी म्हणाल्या. "आधी अंगावर घालून बघायचं, मग पक्की शिवण."

पहिला कच्चा टाका यंत्र सुरूच करेना. दुसऱ्याने सुरू झालं, पण वाय-फाय नाही. मग वाय-फाय आलं आणि दिवे उलटे झाले. चालू असताना विझत, बंद केलं की पेटत. वहिनी त्यावर खूप हसल्या. हा लहानपणी बनियन उलटं घालायचा, म्हणाल्या, आणि मी ते लिहू का म्हटल्यावर हसू थांबवून, नको, म्हणाल्या. मी तो सांगेल तो आदेश अक्षरन् अक्षर टाइप करायचो, यंत्र काय बोललं ते पाठवायचो. एका रविवारी वहिनींना ताप होता. मी लिहिलं की तब्येतीमुळे या खेपेला चाचणी झाली नाही. उत्तर आलं की चाचणीला घाई नाही, डॉक्टरला दाखवलं का? आणि त्याच्याच खाली: मागच्या वेळचा मजकूर अर्धवट आलाय, पूर्ण पाठवा. वहिनींनी दोन्ही ओळी ऐकल्या आणि पांघरूण गळ्यापर्यंत घेऊन भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवसांत मला रविवारची वाट बघायची सवय लागली. आधी मी नुसता जात असे.

आणि मग काम झालं. वाय-फाय नीट चाललं, दिवे सुलटे झाले, मागचं बारीक बटणही काम करू लागलं. बोक्याने पक्की शिवण पाठवली, ती आम्ही घातली. पानावर नोंद आली की या मॉडेलच्या आवृत्ती पाचला आता आधार आहे. केलं कोणी, तर बोका. तपासलं कोणी, तर शॉप. दोन नावं एकाखाली एक. मला वाटलं वहिनींना आनंद होईल. झालाही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बोक्याची नोंद दुसऱ्याच कुठल्या मॉडेलबद्दल होती आणि तपासणाऱ्याचं नाव दुसऱ्याच कोणाचं.

त्यानंतरचे रविवार पहिल्यासारखे झाले. राउटर फळीवर बसला होता आणि एकदाही अडत नव्हता. त्यात काहीतरी बिघडावं म्हणून मी त्याच्याकडे बघत बसे. टेबल मात्र त्यांनी खिडकीपासून हलवलं नाही. मी म्हणालो की सहज म्हणून दोन ओळी लिहा. त्या म्हणाल्या, काय लिहू, बिघाड तर नाही. ज्याचं नीट होतं ते गिऱ्हाईक परत येत नाही, माझ्या दुकानातही येत नाही. मी म्हणालो, मग मी फोन करतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा पेपर उघडला.

पाऊण पान वाचून झालं असेल. मशीन थांबलं.

"तुमच्या त्या तक्त्यात सगळ्यात शेवटी कोणता होता हो?"

मला समजायला वेळ लागला. समजल्यावर मी म्हणालो की वहिनी, तो घेऊ नये म्हणूनच शेवटी होता.

"तोच आणा."

दुकानदारालाही मी घेतो आहे ते पटेना. लोक हा परत आणून देतात, म्हणाला, तुम्ही चांगला बघून घ्या. मी म्हणालो की मला हाच हवा. या खेपेला मी डबा उलटा केला, आवृत्तीचा आकडा पाहिला, घरी जाऊन पानाशी ताडला. आधार नव्हता. खात्री करून चुकीचा माल घेण्याची माझ्या नोकरीतली आणि आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

रविवारी वहिनींनी सांगितलं आणि मी लिहायला बसलो. आमच्याकडून पुन्हा चुकीचा राउटर घेतला गेला आहे, काय करावं? मी बोटं थांबवली आणि म्हणालो की हे खोटं आहे. मी बघून घेतलाय.

"लिहा तुम्ही."

लिहिलं. बस येईपर्यंत उत्तर आलं नाही. मधल्या आठवड्यात मी ऑफिसातून फोन करून विचारलं, नव्हतं. पुढच्या रविवारी नव्हतं. वहिनी चेन लावत होत्या, ती दोनदा उसवली. त्याच्या पुढच्या रविवारी मी दारातच होतो तेव्हा त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. उत्तर आलं होतं, पण त्यांनी ते उघडलेलं नव्हतं. हातात घेऊन नुसत्या बसल्या होत्या.

मी वाचलं. सुरुवातीला नेहमीचाच कोरडा मजकूर होता. या राउटरची चिप ज्यांची आहे ते काहीच माहिती देत नाहीत. याच्या वाय-फायचं कधीच काही होणार नाही. मेहनत वाया घालवू नका, उघडू नका, दुकानाला परत करा. मी हे सांगत गेलो आणि वहिनी मान हलवत गेल्या. प्रत्येक वाक्याला, हो, हो, एखाद्या डॉक्टरचं ऐकावं तशा.

मग एक ओळ मोकळी होती आणि तिच्याखाली एकच वाक्य. सगळं इंग्रजी आणि मध्ये एक शब्द आपला.

मी म्हणालो, "लिहितो की पुढच्या वेळी काकांना सांग, पैसे देण्याआधी डबा उलटा करून बघा. दुकानात बघतात तसा."

वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला. तो एक शब्द शोधायला त्यांना वेळ लागला नाही. त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. रस्त्यावरून कोणीतरी हाक मारत एक पँट घेऊन आलं. मीच ती घेतली, संध्याकाळी या म्हटलं.

"काका म्हणालाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग आता गिऱ्हाईक होऊन उत्तर देता येणार नाही."

मी संगणक उघडू लागलो तर त्यांनी नको म्हटलं. त्या खिडकीपाशी टेबलाजवळ बसल्या आणि फोनवर स्वतः लिहू लागल्या, आपल्या अक्षरांत, एकेक अक्षर शोधत. मी लांब उभा होतो. झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे फोन धरला, शुद्धलेखन बघायला म्हणून. दोनच वाक्यं होती.

काकांनी डबा उलटा करून बघितला होता. चुकीचा मीच मागवला.

खाली लिहिलं होतं, आई.

मी म्हणालो, बरोबर आहे. त्यांनी पाठवलं.

फोन त्यांनी टेबलावर उताणा ठेवला, खिडकीच्या उजेडात, त्या झिजलेल्या टेपशेजारी. मग त्या मशीनवर बसल्या. मी पेपर घेतला. मशीन थोडं चालायचं आणि थांबायचं, थोडं चालायचं आणि थांबायचं. प्रत्येक वेळी थांबलं की आम्ही दोघं खिडकीकडे बघायचो. माझी बस येऊन गेली. मी उठलो, पाणी आणलं, एक भांडं त्यांच्यापाशी ठेवलं आणि परत येऊन बसलो.